बरं नाही, की मन नाही? : ‘इंडिस्पोज्ड’ या शब्दाची दोन तोंडं

आजच्या व्याख्यानाचा विषय एकच शब्द आहे, आणि तोही इंग्रजी. ‘इंडिस्पोज्ड’. कुणी म्हणेल, तास-दीड तास एका शब्दावर काय बोलणार? पण ज्यांनी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यांना एका शब्दावर दोन तास बोलण्याची सवय असते. तेव्हा धीर धरा.

शब्दकोशात बघितलं तर या शब्दाचे दोन अर्थ सापडतात. पहिला, किंचित आजारी असलेला. म्हणजे अंथरुणाला खिळलेला नव्हे, थोडंसं बरं नसलेला. दुसरा, नाखूष, एखादी गोष्ट करायला राजी नसलेला. एकाच शब्दात शरीराची तक्रार आहे आणि मनाचा नकारही आहे. ‘साहेब इंडिस्पोज्ड आहेत’ असा निरोप आला, तर साहेबांना ताप आहे की साहेबांना तुम्हाला भेटायचं नाही, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ते कळू नये म्हणूनच पुष्कळदा हा शब्द वापरला जातो.

माझा आजचा प्रश्न असा: हा निव्वळ सभ्यतेचा पडदा आहे, की ‘बरं नसणं’ आणि ‘मन नसणं’ यांच्यामधली सीमाच मुळात पुसट आहे? आणि ती पुसट असेल, तर त्या पुसटपणाचा फायदा कुणाला होतो आणि किंमत कोण मोजतो?

आधी शब्दाचं कूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘डिस्पोनेरे’ म्हणजे जागच्या जागी लावणे, मांडणे. त्यावरून ‘डिस्पोझिशन’ म्हणजे मांडणी, ठेवण. या लॅटिन शब्दाच्या मागे ॲरिस्टॉटलचा ग्रीक शब्द उभा आहे, ‘डायथेसिस’. ‘मेटाफिजिक्स’मध्ये तो सांगतो की ज्या वस्तूला भाग असतात, त्या भागांची जी रचना, ती डायथेसिस. आणि ‘कॅटेगरीज’मध्ये तो एक महत्त्वाचा भेद करतो. ज्ञान, सद्गुण यांसारख्या गोष्टी माणसात मुरलेल्या असतात, सहजी हलत नाहीत; त्यांना तो ‘हेक्सिस’ म्हणतो. ऊब, गारवा, आजार, आरोग्य या गोष्टी येतात-जातात, चटकन बदलतात, त्या डायथेसिस. म्हणजे मूळ कल्पनेत शरीर आणि मन असा भेदच नाही. भेद आहे तो टिकाऊ आणि तात्पुरतं यांच्यात. माणूस ही एक मांडणी आहे, आणि ती मांडणी आज जरा विस्कटली आहे, एवढंच हा शब्द सांगतो. अंग दुखतंय म्हणून विस्कटली की इच्छा नाही म्हणून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आपल्याकडे काय आहे? ‘प्रकृती बरी नाही’ आपण म्हणतो. प्रकृती म्हणजे स्वभाव, मूळ ठेवण. ‘तब्येत’ हा शब्द अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ स्वभाव, निसर्ग. आणि तब्येतीची गंमत बघा. ‘तब्येत बरी नाही’ म्हणजे आजार. ‘तब्येतीनं जेवला’ म्हणजे आवडीनं, मजेत जेवला. गवई म्हणतो, ‘आज तब्येत लागली नाही’. त्याचा घसा ठीक असतो, ताप नसतो, तरी गाणं जमलेलं नसतं. युरोपातल्या ऑपेरागृहात पडदा उघडण्यापूर्वी व्यवस्थापक येऊन सांगतो की अमुक गायिका इंडिस्पोज्ड आहेत. ते ऐकलेल्या रसिकाला आपल्या गवयाची तब्येत लगेच कळेल.

‘अंग’ हा शब्द घ्या. अंग मोडून येतं, ते दुखणं. अंग मोडून काम करतो, तो कष्टाळू. अंग राखून काम करतो, तो कामचुकार. आणि ‘अंगचोर’! स्वतःचंच अंग चोरणारा. ‘मला जायची इच्छा नाही’ हे आपण कसं सांगतो? ‘जायचं जिवावर आलंय.’ इच्छेची गोष्ट आपण शरीराच्या आणि जिवाच्या भाषेत बोलतो. तेव्हा इंग्रजी शब्दाचं दुतोंडीपण हे काही इंग्रजांचंच वैशिष्ट्य नव्हे.

आता साहित्याकडे वळू. हा शब्द खऱ्या अर्थानं जिवंत झालेला मला दिसतो तो शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये. विंदा करंदीकरांनी या नाटकाचं मराठी भाषांतर केलं आहे. त्याच विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्रही मराठीत आणलं. म्हणजे आजच्या विषयाची दोन्ही टोकं एकाच माणसाने मराठी वाचकाच्या हाती दिली आहेत.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारा राजा राज्य दोन मुलींना वाटून देतो, धाकटीला हाकलतो, आणि मग त्या दोघींकडे आळीपाळीने राहायला जातो. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात थोरली गॉनरिल आपल्या कारभाऱ्याला, ऑस्वाल्डला, बजावते: बाबा शिकारीहून आले की मी त्यांच्याशी बोलणार नाही, मी आजारी आहे असं सांग. इथे संदिग्धता काहीच नाही. आपल्या डोळ्यांदेखत ‘मन नाही’चं ‘बरं नाही’ केलं जातं. पुढच्याच प्रवेशात एक सरदार येऊन लिअरला निरोप सांगतो की आपल्या कन्येची प्रकृती बरी नाही. आणि लिअर काय करतो? तो त्या वाक्याकडे लक्षच देत नाही. मुलीला काय झालंय, ताप आहे का, असं विचारत नाही. तो विचारतो की मी बोलावलं तेव्हा तो नोकर परत का आला नाही! बापाला मुलीच्या आजाराची बातमी मिळाली, आणि त्याला दिसला तो फक्त नोकराचा उद्धटपणा. निरोप खोटा होता हे आपल्याला माहीत आहे. लिअरला माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती खरोखरच आजारी असू शकत होती. तरी त्याला काही वाटलं नाही.

आता दुसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश. लिअर दुसऱ्या मुलीकडे, रीगनकडे आला आहे. ती आणि तिचा नवरा कॉर्नवॉल ग्लॉस्टरच्या वाड्यात उतरले आहेत. लिअरने भेट मागितली, आणि उत्तर आलं: ते आजारी आहेत, थकलेत, रात्रभर प्रवास झालाय. लिअर भडकतो. ग्लॉस्टर बिचारा म्हणतो, सरदारसाहेब जरा तापट आहेत. त्यावर तर लिअरचा पारा आणखी चढतो. आणि मग, मंडळी, या नाटकात पहिल्यांदाच, तो थांबतो. तो म्हणतो की कदाचित त्याला खरोखर बरं नसेल. आजारी माणसाकडून धडधाकट माणसाची कर्तव्यं कशी होणार? शरीर दडपलं गेलं की मनालाही त्याच्याबरोबर भोगावं लागतं, आणि तेव्हा आपण आपण राहत नाही. आणि तो स्वतःला दोष देतो: आपल्याच उतावळेपणामुळे आपण आजारी अवस्थेतल्या माणसाला धडधाकट समजून बसलो. याच जागी शेक्सपिअरने ‘इंडिस्पोज्ड’ हे विशेषण वापरलं आहे.

पुष्कळ वाचक या ओळी घाईने ओलांडतात. त्यांना वाटतं की हा दोन रागांमधला विसावा आहे, वादळापूर्वी नटाला श्वास घ्यायला दिलेली जागा. काही जण म्हणतात की लिअर इथे स्वतःची समजूत घालतो आहे, अपमान गिळतो आहे. मला हे वाचन अपुरं वाटतं. पहिल्या अंकातल्या त्या सरदाराच्या निरोपाशेजारी हा प्रसंग ठेवून बघा. तिथे ‘बरं नाही’ हे शब्द त्याच्या कानावरून गेले. इथे ते कानात शिरले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याच्या नकारात फक्त अवज्ञा ऐकली, तो पहिल्यांदा विचार करतो की समोरच्याला शरीर आहे, आणि ते शरीर त्याच्या ताब्यात नसेल. लिअरचं शिक्षण वादळात सुरू होतं असं आपण वर्गात शिकवतो. ते इथे सुरू होतं, एका शब्दाच्या दोन अर्थांपाशी.

आणि शेक्सपिअरचं निर्दयपण असं की, हे शिक्षण ज्या निरोपामुळे सुरू झालं तो निरोपच खोटा आहे. लगेच लिअरची नजर जाते खोड्यात पाय अडकवून बसवलेल्या आपल्या दूताकडे, वेषांतर केलेल्या केंटकडे. ते पाहताच त्याची खात्री पटते की हा आजार-बिजार काही नाही, सगळा डाव आहे. आणि त्याचं अनुमान बरोबर असतं. लिअर पहिल्यांदा उदार होतो तेव्हाच फसवला जातो. मग दुसऱ्याला संशयाचा फायदा देण्याचा धडा तो कसा गिरवणार?

पुढे वादळ होतं. चौथ्या अंकात, डोक्यावर रानफुलं घालून भटकणारा लिअर म्हणतो की लोकांनी मला सांगितलं होतं मी म्हणजेच सगळं काही. ते खोटं होतं, मलाही हिवताप चढू शकतो. दुसऱ्याच्या आजाराच्या शक्यतेपासून निघालेला माणूस स्वतःच्या शरीरापर्यंत पोचला.

आणि पाचवा अंक. गॉनरिल आणि रीगन दोघींचं मन एडमंडवर आहे. गॉनरिलने रीगनवर विष घातलं आहे. भर सभेत रीगन म्हणते, मला बरं वाटत नाही, नाहीतर चांगलं उत्तर दिलं असतं. दुखणं वाढत जातं. गॉनरिलचा नवरा ऑल्बनी सांगतो, हिला बरं नाही, माझ्या तंबूत न्या. पहिल्या अंकात गॉनरिलने ‘आजारी’ हा शब्द हत्यार म्हणून उचलला; पाचव्या अंकात तिने प्रत्यक्ष आजार हत्यार म्हणून उचलला. शब्दाचा गैरवापर करत करत माणूस वस्तूपर्यंत येतो. रीगननेही बापाला ‘आम्ही आजारी आहोत’ असं खोटं कळवलं होतं. शेवटी ती खरोखर आजारी आहे, आणि बोलायला खरोखर असमर्थ.

व्हर्जिनिया वुल्फचा ‘ऑन बीइंग इल’ हा 1926 सालचा निबंध प्रसिद्ध आहे. तिची तक्रार अशी की इंग्रजी भाषा हॅम्लेटचं चिंतन आणि लिअरची शोकांतिका पेलू शकते, पण साध्या हुडहुडीसाठी, डोकेदुखीसाठी तिच्याकडे शब्द नाहीत. निबंध सुंदर आहे, पण या एका बाबतीत मी बाईंशी सहमत नाही. लिअरची शोकांतिका आणि हुडहुडी या वेगळ्या गोष्टी नाहीतच. ‘बरं नाही’ या दोन शब्दांचं काय करायचं, यावरच ते नाटक कितीतरी ठिकाणी वळण घेतं.

आता दुसरं नाटक, त्याच्या काही वर्षं आधीचं, 1599 चं. ‘ज्युलियस सीझर’. 15 मार्चची सकाळ. सीझरची बायको कॅल्पर्निया हिला भयंकर स्वप्न पडलंय: सीझरच्या पुतळ्यातून रक्ताचे झरे फुटलेत आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात धूत आहेत. ती विनवते, आज सभेला जाऊ नका, अँटनीला पाठवून सांगा की बरं नाही. सीझर आधी तयार होतो. तेवढ्यात कटवाल्यांपैकी डीशस त्याला न्यायला येतो. आणि सीझरचा पवित्रा बदलतो. तो म्हणतो की मी येऊ शकत नाही हे खोटं आहे, मी येण्यास धजत नाही हे त्याहून खोटं. मी येणार नाही, एवढंच सांग. कॅल्पर्निया पुन्हा म्हणते, आजारी आहेत म्हणून सांगा. सीझरला ते कमीपणाचं वाटतं. जग जिंकलेल्या माणसाने म्हाताऱ्या सभासदांना घाबरून खोटं सांगायचं? कारण एकच, माझी इच्छा.

किती बाणेदार, नाही? गॉनरिलच्या अगदी उलट. नकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस. पण पुढे काय होतं? डीशस म्हणतो, निदान काहीतरी कारण सांगा, नाहीतर लोक मला हसतील. सीझर प्रेमाने त्याला खासगीत स्वप्न सांगतो. डीशस स्वप्नाचा अर्थ फिरवतो, मुकुटाचं आमिष दाखवतो, बायकोच्या स्वप्नावर चालणारा सीझर अशी चेष्टा होईल म्हणतो. सीझर उठतो, झगा मागवतो, आणि मरायला जातो.

इथे मला या शब्दाचं एक तत्त्व हाती लागतं. शरीराचं विधान वाद संपवतं. इच्छेचं विधान वाद सुरू करतं. ‘मला बरं नाही’ यावर समोरचा फार तर म्हणेल, काळजी घ्या. ‘मला यायचं नाही’ म्हटलं की पुढचा शब्द असतो, ‘का?’ आणि ‘का’ आला की कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ते खोडता येतं. डीशससारखा बोलका माणूस समोर असेल तर तुमची इच्छा टिकत नाही. कॅल्पर्नियाला हे कळलं होतं. तिच्या सल्ल्याला सीझरने भित्रेपणा म्हटलं. खरं तर ते शहाणपण होतं.

यात एक ऐतिहासिक गंमत आहे. रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो की त्या दिवशी अपशकुनांमुळे, आणि प्रकृती ठीक नसल्यामुळेही, सीझर जावं की नाही या विचारात पुष्कळ वेळ घुटमळला. म्हणजे ‘बरं नाही’ हे स्वेटोनियसच्या हकिगतीत खरंच कारण होतं! शेक्सपिअरने त्या खऱ्या कारणाचं नाटकात खोटं कारण केलं, आणि सीझरच्या अभिमानाला ते नाकारायला लावलं.

आता तिसरा माणूस. 1853 साली हर्मन मेलव्हिलने ‘बार्टलबी’ ही कथा लिहिली. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका वकिलाच्या कचेरीत नकला करणारा कारकून. एक दिवस तो कामाला नम्रपणे नकार देऊ लागतो. कारण नाही, राग नाही, फक्त ते न करणं त्याला अधिक पसंत आहे, एवढंच. वकील हैराण. एकदा बार्टलबी लिहायचं पूर्ण बंद करतो. वकिलाचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे जातं. ते निस्तेज दिसतात. वकिलाला वाटतं, अंधुक प्रकाशात फार लिहून डोळे बिघडले असणार. आणि तो एकदम कनवाळू होतो! ‘मन नाही’ पुढे हा सज्जन माणूस हतबल होता. ‘बरं नाही’ मिळताच त्याला काय करायचं ते कळलं: सुट्टी दे, मोकळ्या हवेत फिरायला सांग. मालकाला नकार सहन होत नाही, पण आजार सहन होतो. आजार हा मालकाच्या अधिकाराला धक्का देत नाही.

आणि इथून आपण विषयाच्या गंभीर बाजूला येतो. दुसऱ्याच्या नकाराचा आजार करणं हे नेहमी इतकं निरागस नसतं. 1851 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याला एका रोगाचं नाव दिलं, ‘ड्रेपटोमेनिया’. माणसाला गुलाम राहायचं नाही, ही त्याची इच्छा. तिला वैद्यकशास्त्राने व्याधी ठरवलं. सोव्हिएत राजवटीत सरकारला विरोध करणाऱ्यांना मनोरुग्ण ठरवून इस्पितळात कोंडत असत. आणि 19 ऑगस्ट 1991 ला जगाला सांगण्यात आलं की गोर्बाचेव्ह प्रकृतीच्या कारणास्तव कारभार पाहू शकत नाहीत. ते क्रिमियात नजरकैदेत होते. ‘इंडिस्पोज्ड’ हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो तेव्हा तो आडोसा असतो. दुसरे त्याच्याबद्दल वापरतात तेव्हा ती कोठडी होऊ शकते.

उलटी चूकही तितकीच घातक. खऱ्या आजाराला नाखुशी समजणं. नैराश्यानं ग्रासलेल्या मुलाला घरचे सांगतात, ‘मनावर घे, सगळं होतं.’ अरे, मनावर घेण्याचं जे यंत्र, तेच बिघडलंय! पाय मोडलेल्याला ‘पायावर घे’ असं आपण म्हणतो का? सकाळी अंथरुणातून उठता न येणारी मुलगी आळशी ठरते, थकव्याच्या आजारात पिचलेला माणूस अंगचोर ठरतो. आपल्या कित्येक घरांत बाईला ‘मला आज नको’ म्हणण्याचा हक्क नव्हता. ‘डोकं दुखतंय’ म्हणण्याचा थोडाफार होता. महिन्याच्या चार दिवसांना आपण ‘अडचण’ म्हणत आलो, ‘कावळा शिवला’ म्हणत आलो. विटाळाची ती प्रथा अन्यायाचीच होती, त्यात शंका नाही. पण त्या अन्यायातही काही बायकांना तेवढीच विश्रांती मिळायची, हेही आपल्या आज्या-पणज्या सांगत. इच्छेला जिथे किंमत नसते, तिथे इच्छा शरीराच्या दाराने बाहेर येते.

तेव्हा हा शब्द चांगला की वाईट, असं विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं की शहानिशा करण्याची ताकद कुणाकडे आहे. गॉनरिलच्या हाती सत्ता आहे, बाप दारात आहे. तिचं ‘बरं नाही’ हा तिरस्कार आहे, कारण त्याला उलट विचारण्याची सोय नाही. कष्टकऱ्याचं, सुनेचं, विद्यार्थ्याचं ‘बरं नाही’ हा वेगळा शब्द आहे, कारण त्याच्यामागे दाखला मागणारं कुणीतरी उभं आहे. समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स याने 1951 मध्ये ‘आजाऱ्याची भूमिका’ सांगितली: आजारी माणसाला कामातून सूट मिळते, पण त्याने बरं व्हायची इच्छा धरली पाहिजे, वैद्याकडे गेलं पाहिजे. ‘इंडिस्पोज्ड’ची गंमत अशी की त्यात सूट आहे आणि वैद्य नाही. दाखला न मागता मिळालेली एक दिवसाची मोकळीक. ती प्रत्येकाला मिळायला हवी, असं माझं मत आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मराठीचा. मराठीत ‘इंडिस्पोज्ड’ला एक शब्द नाही अशी खंत करायचं कारण नाही, कारण आपल्याकडे एक अख्खं व्याकरण आहे. ‘मला बरं वाटत नाही.’ ‘मला जावंसं वाटत नाही.’ दोन्हीकडे ‘मला’, दोन्हीकडे ‘वाटणं’. मी कर्ता नाही. माझ्याकडे काहीतरी येतंय. याच्या उलट ‘मी जाणार नाही’, तिथे ‘मी’ छाती काढून उभा.

आणि या दोहोंच्या मधोमध आपलं शक्य क्रियापद आहे. ‘मला जाववत नाही.’ ‘मला बघवत नाही.’ ‘मला जेववत नाही.’ याचा अर्थ काय? ‘शक्य नाही’ की ‘इच्छा नाही’? आई गेल्यावर तिच्या खोलीत ‘जाववत नाही’. पाय धड आहेत, दार उघडं आहे, आणि जायची इच्छाही आहे. तरी जाववत नाही. सीझरने ज्या तीन गोष्टी तोडून वेगळ्या केल्या, येऊ शकत नाही, धजत नाही, येणार नाही, त्या तिन्ही या एका रूपात नांदतात.

हे रूप मनात ठेवून गीतेचा पहिला अध्याय वाचा. अर्जुनाची गात्रं गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेची आग होते, हातातून गांडीव निसटतं, उभं राहवत नाही. एखाद्या वैद्यापुढची लक्षणांची यादी असावी तसं. आणि त्याच श्वासात युक्तिवाद: स्वजनांना मारून काय मिळवायचं? देहाची तक्रार आणि बुद्धीचा आक्षेप एकात एक विणलेले. कृष्ण आधी त्याला दुबळेपणा म्हणून झिडकारतो. मग दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मी लढणार नाही, आणि गप्प होतो. ‘राहवत नाही’पासून ‘लढणार नाही’पर्यंत तो आला. आणि नेमकं त्यानंतर कृष्णाचा उपदेश सुरू होतो. इच्छेचं विधान वाद सुरू करतं, म्हटलं ना? डीशसने त्या फटीतून सीझरला मृत्यूकडे नेलं. गीतेत त्याच फटीतून तत्त्वज्ञान येतं.

पण अर्जुनाची अवस्था सगळ्यांत नेमकी पकडली ती ज्ञानेश्वरांनी. ते भुंग्याचा दृष्टान्त देतात. कोरडं कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत अडकतो. प्राण गेला तरी चालेल, पण ती पाकळी त्याला चिरता येत नाही. स्नेह हा असा कोवळेपणातच कठीण असतो. भुंगा आजारी आहे का? नाही. त्याची ताकद गेली का? नाही. त्याला बाहेर यायचं नाही का? तसंही नाही. त्याला पाकळी चिरवत नाही. कृष्णाने ज्याला दुबळेपणा म्हटलं, त्याची ज्ञानेश्वरांनी इतकी सहृदय उकल केली आहे. ‘बरं नाही’ आणि ‘मन नाही’ या दोन खान्यांत हा भुंगा बसत नाही, आणि आपण जिला प्रेम म्हणतो, दुःख म्हणतो, सदसद्विवेक म्हणतो, त्या गोष्टीही बसत नाहीत.

प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं, मग सर, समोरचा खोटं बोलतोय की खरं, हे ओळखायचं कसं? मी त्यांना म्हटलं, बहुतेक वेळा ओळखता येत नाही, आणि ओळखायची गरजही नसते. कुणी ‘आज बरं नाही’ म्हणालं, तर लिअर दुसऱ्या अंकात जसा क्षणभर थांबला तसं थांबावं, आणि विचारावं, काही आणून देऊ का? तो खोटं बोलत असेल तर आपली एक फेरी फुकट जाईल. खरं बोलत असेल, तर आपण विचारलं नाही याची भरपाई पुढे कशानेच होत नाही.